पत्र्यांमागची जागा

सोमवार

सकाळी कार्यालयात पोचले तर माझ्या खिडकीपाशी पाच-सहा जण दाटीवाटीने उभे. समोरच्या भूखंडावर यंत्र आलं होतं. यंत्र म्हणजे तरी काय, एक लोखंडी तिपाई, डिझेल इंजिन, दोरखंड आणि चार माणसं. पण गेली दोन वर्षं त्या पत्र्यांच्या आत गवताखेरीज काही उगवलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

शहराच्या अगदी मध्यावरची जागा. तिथे एका मोठ्या कंपनीचं मुख्यालय होणार, पन्नासहून जास्त मजल्यांचं. घोषणा झाली त्या आठवड्यात आम्ही दुसरं काही बोलतच नव्हतो. मग जुनी इमारत पाडली, राडारोडा उचलला, पत्रे मारले, पत्र्यांवर भलंमोठं संकल्पचित्र लागलं आणि सगळं थंडावलं. चित्रातला निळा रंग उन्हाने उडत चाललाय. तरी येता-जाता माझी नजर तिकडे गेल्याशिवाय राहत नाही. मला ती इमारत हवी आहे. कुणी विचारलं तर कारण पटकन सांगता येत नाही, पण हवी आहे.

आज चाललं होतं ते माती तपासणीचं काम. हे मला काकांनी सांगितलं. काका म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात ज्येष्ठ. नोकरीच्या सुरुवातीला काही वर्षं ते धरणाच्या कामावर होते. ते खिडकीशी आले, तिपाईकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "ठोके मोजा."

साडेत्रेसष्ट किलोचं वजन ७५ सेंटिमीटर वर उचलायचं आणि सोडून द्यायचं. खालची नळी जमिनीत घुसते. पहिले १५ सेंटिमीटर हिशेबात धरायचे नाहीत. त्यापुढचे ३० सेंटिमीटर जायला किती ठोके लागले, तेवढं वहीत मांडायचं. मग भोक आणखी खोल न्यायचं आणि पुन्हा ठोके. एवढ्या साध्या हिशेबातून कळतं की खालची जमीन किती भार पेलेल. बंद काचेतूनही तो आवाज येत होता. वरवरच्या थरात ६ ठोके, मग ८, मग ११. दुपारपर्यंत २३. काका एका जुन्या पाकिटाच्या मागे आकडे लिहीत होते. चार वाजता ५० ठोके झाले तरी नळी जागची हलेना. "रिफ्यूजल," काका म्हणाले आणि पेन खिशाला लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं खाली उतरून पत्र्यांच्या फटीतून आत पाहिलं. एका लांबट लाकडी पेटीत, कप्प्याकप्प्यांत, जमिनीतून काढलेले नमुने क्रमाने ठेवले होते. वरच्या कप्प्यात काळपट भराव, त्यात विटेचा एक तुकडा आणि हिरव्या लादीची कपची. हे आधीच्या इमारतीचं उरलेलं. पुढे पिवळी चिकण माती, तिच्यावर यंत्राच्या दातांचे ओरखडे. मग भुसभुशीत खडक, हाताने चुरेल असा. आणि शेवटच्या कप्प्यात राखाडी, गुळगुळीत, मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या. काका म्हणाले, "या कांड्या जितक्या लांब निघतात, तितका दगड चांगला." त्यातली एक चांगली हातभर लांब होती.

बुधवार, रात्र

परवाचे ठोके अजून कानात आहेत. आज अंथरुणावर पडल्यापडल्या एकच विचार, हे काम पुढे जाईल ना?

कारण तपासणी झाली म्हणजे इमारत झाली असं नाही. शिकागोत वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांच्या आराखड्याप्रमाणे ६१० मीटर उंच, पिळदार टॉवर व्हायचा होता. २००७ साली काम सुरू झालं, २००८ च्या मंदीत थांबलं. मागे राहिला तो गोल खड्डा, सुमारे २३ मीटर खोल. जगातल्या सगळ्यात उंच इमारतींत मोजला जाणारा टॉवर, आणि लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं ते भोक. सौदी अरेबियातल्या जेद्दाच्या टॉवरचं काम २०१३ साली सुरू झालं, २०१८ साली थांबलं, ते थेट २०२५ मध्ये पुन्हा हललं. मधल्या काळात त्या अर्ध्या सांगाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना रोज काय वाटत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आणि उलटही असतं. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग मार्च १९३० मध्ये सुरू झाली आणि १ मे १९३१ रोजी खुली झाली. १०२ मजले, जेमतेम तेरा-साडेतेरा महिने. पण महामंदी आलेली, भाडेकरू मिळेनात. लोक तिला 'एम्प्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायला लागले. झपाट्याने उभं राहणं आणि माणसांनी भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच शहरात, पार्क अव्हेन्यूवर जेपी मॉर्गन चेसने २०१८ साली नव्या मुख्यालयाची घोषणा केली. तिथे आधी १९६० ची ५२ मजली इमारत होती, चांगली धडधाकट. ती मजल्या-मजल्याने उतरवली आणि तिच्या जागी ६० मजल्यांची, ४२३ मीटर उंच इमारत २०२५ साली खुली झाली. सात वर्षांहून जास्त. हे वाचून जीव थोडा हलका झाला. आमची तर दोनच वर्षं झालीत. पण ती पाडलेली इमारत मनातून जात नाही. ५२ मजले बांधायला कुणीतरी जिवाचं रान केलं असेलच ना? आपल्या समोरची हिरवी लादीही कुणीतरी पाणसळ लावून, सांध्याला सांधा जुळवून बसवली होती. नव्याची ओढ वाटते तेव्हा हेही आठवायला हवं, असं मला वाटतं.

झोप येत नाही. उद्या लवकर जायचंय.

शुक्रवार

हरकती आणि सूचनांची सुनावणी होती. मी रजा टाकून गेले. सभागृह अर्धं भरलं होतं.

कंपनीतर्फे आलेल्यांनी सावलीची चित्रं दाखवली. टॉवर आमच्या पूर्वेला, म्हणजे माझ्या टेबलावरचं सकाळचं ऊन जाणार. ते मी कधीच धरून चालले होते. घरी येऊन हिशेबही करून पाहिला: उंची २०० मीटर धरली, तर सूर्य ४५ अंशांवर असताना सावली २०० मीटर पडते, सूर्य २० अंशांवर असताना तीच जवळजवळ ५५० मीटर. म्हणजे सकाळी ती आमच्या इमारतीवरून पुढे पार चार रस्ते ओलांडणार. मला माझं ऊन द्यायला हरकत नाही, मनापासून सांगते. पण त्या चार रस्त्यांवरच्या लोकांना कुणी विचारलं? चित्रं पडद्यावर भराभर सरकली. सगळ्यात लांब सावलीचं चित्र तर दिसलं न दिसलं तोच गेलं. मला राग आला. सूर्य कुणी झाकणार असेल तर ते सावकाश दाखवावं, एवढी तरी अपेक्षा असते.

हा प्रश्न काही आजचा नाही. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल बिल्डिंग रस्त्याच्या कडेपासून सरळसोट वर गेली, खालच्या रस्त्यांवर अंधार दाटला, ओरड वाढली. १९१६ साली शहराने नियम केला: ठरावीक उंचीनंतर इमारतीने मागे सरत जायचं. त्या काळातल्या टॉवरांना पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आला तो यामुळे. रस्त्यावर उजेड पोचावा म्हणून इमारतीने अंग चोरून घ्यायचं, ही कल्पना मला फार आवडते.

मग प्रश्नोत्तरं. वाहनतळ, पाणी, आगीच्या वेळी एवढी माणसं खाली कशी उतरणार, सगळं झालं. शेवटी मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "त्या चित्रात खाली मोकळी जागा दाखवलीय. तिथे बसता येईल का?"

उत्तर आलं, "सार्वजनिक चौक आहे, सगळ्यांना खुला."

"ते कळलं. बसायचं कशावर?"

कुणी कागद चाळले, कुणी शेजारच्याच्या कानाशी लागलं. ते पुढच्या टप्प्यात ठरेल, असं सांगितलं गेलं. आजी "बरं" म्हणाल्या आणि बसल्या.

येताना पत्र्यांपाशी थांबून ते संकल्पचित्र पुन्हा बघितलं. दोन वर्षं रोज बघत होते, पण आज फक्त खालचा वीतभर भाग पाहिला. एक बाई मुलाचा हात धरून चालली आहे. दोन माणसं बॅगा घेऊन चालली आहेत. एक तरुण चालता चालता फोनवर बोलतोय. सगळे चालताहेत. बाक नाही, कठडा नाही, पायरी नाही, झाडाभोवती पार नाही. पन्नास मजल्यांच्या चित्रात एकही माणूस टेकलेलं नाही.

न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग उभी राहिली १९५८ साली. तिचे वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहे यांनी पुढे मोठी जागा मोकळी सोडली. ती इतकी आवडली की १९६१ साली न्यूयॉर्कने नियमच केला: चौक सोडा, जादा मजले घ्या. चौक मग भराभर झाले, पण त्यातले कित्येक ओसाडच राहिले. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात याचं महिनोन्‌महिने निरीक्षण केलं. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी, की लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा असते. आजींनी जे विचारलं तेच हे.

मला ती इमारत का हवी आहे, ते आज थोडं समजलं. वरचं टोक मला लांबून दिसेल, छान वाटेल. पण माझा तिच्याशी रोजचा संबंध येणार तो पहिल्या दहा-बारा पावलांत. आतली माणसं लिफ्टने चाळिसाव्या मजल्यावर जातील. बाहेरच्या सगळ्या शहराच्या वाट्याला येणार फक्त तळमजला. तो चांगला व्हावा, पावसात तिथे आडोसा मिळावा, दमलेल्या माणसाला मिनिटभर टेकता यावं. आज रात्री बसून लेखी सूचना लिहिली. दीड पान झाली. बाक, पाठ टेकायला आधार, सावली, दिवे, आणि दार सगळ्या वेळेला उघडं. आजींचा प्रश्न होता तसाच उतरवला.

मंगळवार

तिपाई गेली. इंजिन गेलं, नमुन्यांची पेटी गेली. पाच ठिकाणी भोकं बुजवल्याच्या करड्या खुणा राहिल्यात, बस. रात्री पाऊस झाला, त्यामुळे त्या खुणांभोवतीचं गवत जास्तच हिरवं दिसतंय. सूचना पोचल्याची पोच आली, शिक्का मारलेली.

काकांनी पाकिटावरचे आकडे मला दिले. "तुझ्या वहीत राहू दे," म्हणाले. चिकटवून ठेवले आहेत: ६, ८, ११, २३, ५०. मी विचारलं, आता पुढे काय? ते म्हणाले, परवानग्या सुटल्या तर खोदाई, मग पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, मग राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालची काँक्रीटची जाड लादी. "राफ्टचं काँक्रीट एका दमात ओततात, मध्ये थांबायचं नाही. रात्रभर गाड्या येत राहतील, दिवे लागतील. ते बघण्यासारखं असतं."

लॉस एंजलिसच्या विल्शायर ग्रँडचा पाया २०१४ साली असाच एका दमात ओतला होता, २१,२०० घनयार्ड, तेव्हाचा जागतिक विक्रम. ते मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी किती तास लागले, किती पंप होते, उष्णता कशी काढली असेल, सगळं खोदून खोदून विचारलं. मला अर्धंही सांगता आलं नाही. मग ते थोडा वेळ गप्प राहिले. पुढच्या वर्षअखेर ते निवृत्त होतात.

"राफ्ट तेवढा बघायला मिळावा," म्हणाले.

त्यांचं टेबल आतल्या बाजूला आहे, कपाटाला लागून. तिथून फक्त भिंत दिसते. दुपारी शिपायाला बोलावून आम्ही टेबलं बदलली. माझ्या खणातल्या फायली आत गेल्या, त्यांचा डबा, छत्री आणि चष्म्याचं घर खिडकीशी आलं. खुर्ची त्यांनी स्वतःच हलवली, थोडी तिरकी करून ठेवली, भूखंडाचा कोपरा नीट दिसेल अशी.