डावा, उजवा आणि एकच चाक

पेडल गळून पडलं तेव्हा मी नाशिकजवळ म्हसरूळच्या पुढे, चामरलेणीच्या पायथ्याशी मुरमाच्या वाटेवर होते. डिसेंबर, सकाळचे सात, बोटं गारठलेली. एकचाकीवरून माणूस सहसा पडत नाही, उतरतो. पुढे हँडल नाही, मध्ये दांडी नाही, त्यामुळे तोल गेला की पाय आपसूक जमिनीवर येतात आणि सायकल मागे आपटते. तशीच उतरले. वळून पाहिलं तर पेडल मातीत, आणि क्रँकच्या, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या पट्टीच्या, भोकात आट्यांच्या जागी अॅल्युमिनियमचा चुरा.

आता माझी नोकरी सांगते, म्हणजे लाज कसली वाटली ते कळेल. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी पाडलेले आटे गेज लावून तपासायचे आणि नापास माल लाल ट्रेमध्ये टाकायचा, हे गेली चौदा वर्षं. आणि स्वतःच्या सायकलचे आटे मी स्वतःच्या हाताने मारून ठेवले होते.

ते कसं झालं ते येईलच. आधी ही सायकल घरात कशी आली ते सांगते.

पहिली एकचाकी माझ्या भाच्यासाठी आणली होती. २० इंची, चकचकीत क्रोमची, ऑनलाइन मागवलेली. त्याने आठवड्यात नाद सोडला. मी सोडला नाही. रात्री जेवणं उरकली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक हात भिंतीला लावून पुढे-मागे, पुढे-मागे. भिंत सोडून दहा फूट जायला तीन आठवडे लागले आणि पार्किंगची पूर्ण फेरी मारायला आणखी एक महिना. सासूबाई गॅलरीतून बघायच्या. एकदा शांतपणे म्हणाल्या, “अगं, पैसे कमी पडत होते तर सांगायचं. आपण पूर्ण घेतली असती.”

रस्त्यावर गेलं की “सर्कस! सर्कस!” हे ठरलेलं. मी आता मनावर घेत नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपल्याकडची पहिली सर्कस उभी केली, म्हणजे शिवी असलीच तर घरचीच आहे. नाशिकला सायकलचं वेड तसंही कमी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. गंगापूर रोडला पहाटे सायकलवाल्यांची रांगच असते. ते तीसच्या वेगाने जातात, मी दहाच्या. नमस्कार पूर्ण होईपर्यंत दिसेनासे झालेले असतात.

दहाच का, ते समजलं की सायकल निवडणं अर्धं सोपं होतं. एकचाकीला चेन नाही, गिअर नाही, फ्रीव्हील नाही. क्रँक थेट हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, जोडलेला. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, आणि पाय थांबवले की चाक थांबतं. मी आता वापरते त्या २४ इंची रिमवर तीन इंच रुंद टायर आहे. खडूने खूण करून, वर बसून, भिंत धरून मोजलं तर एका फेरीत २ मीटर ५ सेंटिमीटर अंतर जातं. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. वेग हवा तर चाक मोठं घ्यायचं किंवा पाय भराभर चालवायचे, तिसरा मार्ग नाही.

२० इंचीवर मी मातीत गेले होते, त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे लहान चाक बटाट्याएवढ्या गोट्यालाही अडतं. अडलं की चाक जागेवर आणि आपण पुढे. दुसरी म्हणजे स्वस्त सायकलचा चौकोनी अॅक्सल, म्हणजे चाकाचा आस. फुटपाथवरून चार-सहा वेळा उडी मारून उतरले आणि क्रँक कुरकुरायला लागला. आवळला, पुन्हा कुरकुर. चौकोनी टोकावर क्रँकचं भोक थोडं थोडं फाकत जातं आणि एकदा फाकलं की कितीही आवळा, व्यर्थ. दोन चाकांच्या सायकलवर पाय एका दिशेनेच जोर लावतात. इथे पुढे जाण्याचा जोरही त्याच सांध्यावर, उतारावर मागे दाबण्याचाही त्याच सांध्यावर, आणि उडीचा धक्काही त्याच सांध्यावर. म्हणून डोंगरासाठी घ्यायची तर खाचांचा अॅक्सल हवाच. आयसिस म्हणतात त्या जातीच्या अॅक्सलला गोल फिरून दहा खाचा असतात, क्रँक त्यात घट्ट बसतो. बाकी कशातही काटकसर करा, हबमध्ये करू नका.

चाक किती इंची, यावर मात्र लोक वाजवीपेक्षा जास्त बोलतात. २४, २६, साडेसत्तावीस, २९, प्रत्येकाचा एकेक भक्त. मोठं चाक गोटे सहज गिळतं, वेग देतं, पण चढाला जड आणि चढून बसायला उंच. माझी उंची पाच फूट दोन इंच. २९ इंचीवर सीट तळाला टेकवूनही माझे पाय पेडलला धड पोचले नसते. तिथेच निम्मा वाद मिटला. शिवाय मला लांब पल्ल्याला जायचं नव्हतं. खडकाळ, वळणाच्या पायवाटेवर सावकाश, गोटे चुकवत जायचं होतं. पुण्यातल्या एका मुलाने २९ इंची घेतली म्हणून जुनी २४ इंची विकायला काढली होती. एसटीच्या डिकीत टाकून आणली. कंडक्टरने अर्धं तिकीट मागितलं नाही, हेच नवल.

डोंगरात एकचाकी चालवायच्या या प्रकाराला परदेशात म्युनी म्हणतात, माउंटन युनिसायकलचं लघुरूप. अलास्कातल्या सिवर्डचा जॉर्ज पेक १९८०च्या दशकात एकटाच डोंगरात एकचाकी घेऊन जायचा. पुढे कॅनडाचा क्रिस होल्म आला, पेशाने भूशास्त्रज्ञ. त्याच्या नावाच्या सायकली आज निघतात. दगडधोंड्यांचा अभ्यास असलेल्या माणसानेच ही सायकल सुधारावी, हे मला फार पटतं.

तर ती पुण्याहून आलेली सायकल मी खोलून, साफ करून, पुन्हा जोडली. इथे घोटाळा झाला. पेडल मारताना पायाचा दाब गोल फिरत राहतो आणि त्यामुळे पेडलचा दांडा क्रँकमध्ये किंचित किंचित सरकत असतो. उजव्या बाजूला साधे आटे आणि डाव्या बाजूला उलटे आटे याचसाठी असतात, की सरकताना दोन्ही पेडलं सैल न होता घट्ट व्हावीत. दोन चाकांच्या सायकलला डावं-उजवं चुकतच नाही, कारण चेन एका बाजूला असते. एकचाकीचं चाक मात्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. फ्रेममध्ये मी ते उलटं बसवलं. डावा क्रँक उजवीकडे गेला, आणि प्रत्येक फेरीला माझेच पाय पेडलं उघडत राहिले. आठेक किलोमीटर सैल पेडल आट्यांवर खडखडत राहिलं, मग आट्यांनी राम म्हटलं. क्रँकवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. मी दोन्ही पाहिलं नाही.

पण या चुकीने एक काम केलं. जुने क्रँक १६५ मिलिमीटरचे होते. नवे मागवताना दोन भोकांचे मिळाले, एक १५० वर आणि एक १२७ वर. तोवर माझी समजूत अशी की डोंगर म्हणजे लांब क्रँक, कारण लांब दांड्याने जोर जास्त मिळतो. खरंच मिळतो. १६५ वर मी जवळजवळ उभा चढ रेटत होते. पण पाय एवढे मोठे गोल फिरवत होते की सपाटीला कंबर डावी-उजवीकडे हेलकावे खायची आणि चाक नागमोडी जायचं. १५० लावले आणि पहिल्याच सकाळी चाक सरळ चाललं. दोन चढ कमी झाले खरे. ते मी सायकल हातात धरून चढते. पंधरा मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं अंतर, पण त्याने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या मते २४ची २६ करूनही पडला नसता.

सीटचं असंच. डांबरी रस्त्यासाठीचं माप सोपं आहे. सीटवर बसायचं, पेडल सर्वांत खाली आणायचं, टाच पेडलवर ठेवायची, गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. डोंगरात त्यापेक्षा खाली. मी तीन सेंटिमीटर खाली घेते, कारण गोट्यावरून जाताना उठून पायांवर भार घ्यावा लागतो आणि गुडघ्यांना वाकायला जागा लागते. माझी सीट एवढी खाली जाईना. सीटपोस्टचा पाइप लांब होता. करवतीने पाच सेंटिमीटर कापला, कड कानशीने घासली. कापताना एकच बघायचं, फ्रेमच्या आत पुरेशी लांबी उरली पाहिजे. आत टीचभर उरलेला पाइप फ्रेमचा गळा फाडतो. सीटचं पुढचं टोक किंचित वर ठेवलंय. चढावर एका हाताने सीटच्या टोकाची मूठ वर ओढली की पाय जोरात दाबता येतात. उतारावर तोच हात सीटखालच्या ब्रेकच्या लिव्हरवर.

ब्रेक मी नंतर बसवला. आधी वाटायचं, पायांनी थांबता येतं तर ब्रेक कशाला? मग एका रविवारी लांब उतार उतरले आणि सोमवारी कारखान्याचा जिना आडवं होऊन चढले. उतारभर पाय मागे रेटून धरायचे म्हणजे मांड्यांचा जीव जातो. हा ब्रेक थांबायला नसतोच. हलकासा धरून ठेवायचा, चाक किंचित जड करायचं, बस. करकचून दाबला तर चाक जागेवर थांबतं आणि आपण पुढे धावत सुटतो. हे मी दोनदा केलंय.

हवेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण फुकट सुधारणा फक्त इथेच होते. सस्पेन्शन नाही, म्हणून टायरच सस्पेन्शन. माझं वजन ६२ किलो, हवा १८ पीएसआय. वीसच्या वर नेली की गोट्यावरून चेंडूसारखी उडते. चौदावर नेली तर मातीत गादी, पण रिम दगडावर ठाण् करून आपटते, आणि डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथे रस्ता गटाराकडे कलतो, तिथे टायर आपोआप एका बाजूला ओढायला लागतं. सारखी कंबर वळवून ते सावरावं लागतं. साध्या पंपाचा काटा इतक्या खाली काहीही सांगतो. मी कमी दाबाचा वेगळा गेज घेतला. कारखान्यात गेजवर विश्वास ठेवण्याआधी तो गेज तपासतात, तेही केलं.

बेअरिंगवर मात्र माझी नोकरी कामाला आली. फ्रेमच्या दोन्ही पायांना खाली झाकणं असतात, प्रत्येकाला दोन बोल्ट. लोक ते जीव खाऊन आवळतात. बेअरिंग चेपतं, चाक जड फिरतं आणि मग सायकल जुनी झाली म्हणतात. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडं थोडं आवळायचं. सायकल उचलून चाक फिरवलं तर ते सावकाश स्वतःच थांबलं पाहिजे. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, शालिमारजवळच्या एका जुन्या दुकानात काढून घेते. तिथले काका दर वेळी विचारतात, “दुसरं चाक आणलंच नाही का, ताई?” आणि पैसे मात्र पूर्ण चाकाचे घेतात.

पेडलला लोखंडी खिळे असतात, बूट घसरू नये म्हणून. ते नडगीत घुसतात. पहिल्या महिन्यात भाच्याचे क्रिकेटचे पॅड बांधून गेले. संरक्षण उत्तम, पण चालता येईना. आता गुडघा आणि नडगी एकत्र झाकणारे गार्ड, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट.

ऋतूचं सांगायचं तर गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला फेब्रुवारीपासून पाणी खाली जातं, वाळलेल्या काळ्या मातीचा काठ उघडा पडतो. फिरायला सगळ्यात सुंदर जागा ती. पण पाऊस पडला की तीच माती टायरला थरावर थर चिकटते. तीन इंची टायर आणि फ्रेम यांच्यात जेमतेम बोटभर फट, ती भरते आणि चाक अडतं. फ्रीव्हील नसलेल्या सायकलचं चाक अडणं म्हणजे काय, ते वर आलंच आहे. पावसाळ्यात मी मुरमाच्याच वाटा धरते. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर सरळ उतरून चालते. अंजनेरीला पायथ्याच्या रस्त्यापर्यंतच. वरच्या पठारावर पावसात जी कंदीलपुष्पं फुलतात, त्यातलं सेरोपेजिया अंजनेरिका तर त्या डोंगराच्या नावाचंच. तिथे टायर नेणाऱ्याच्या सायकलची हवा मी स्वतः सोडीन.

गेल्या आठवड्यात धरणाच्या काठावर एक बाबा म्हशी घेऊन उभे होते. मी गेले, वळले, परत आले. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, “पोरी, बसती कुठून हिच्यावर?” दाखवलं. चाक पुढे, पेडल जवळचं खाली, त्यावर पाय, चाक अर्धी फेरी मागे आणि उडी. तिसऱ्या खेपेला बसले. म्हशींनी एकदाही मान वर केली नाही.

आता १२७चं भोक खुणावतंय. धरणाच्या सपाट काठावर आखूड क्रँक कसा लागतो ते बघायचंय. काल रात्री पेडलं काढली, आट्यांना ग्रीस लावलं. सकाळी जोडायला बसले तर दोन्ही क्रँकवर पांढऱ्या मार्करने ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, “डावा” आणि “उजवा”. नवऱ्याचं अक्षर. सीटच्या पुढच्या टोकावरही एक बाण होता, आणि त्याच्याखाली “पुढे”.