अडकलेला सुळा आणि सरकलेली हनुवटी

आमच्या यवतमाळकडच्या गावांत मुलाचा वरचा सुळा वेळेवर आला नाही, तर घरची मंडळी ‘येईल हळूहळू’ म्हणून थांबतात, आणि हे थांबणे मला फार खटकते. हा कायमचा सुळा साधारणपणे ११ ते १२ व्या वर्षी उगवतो; दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या बाजूला, त्याचा फुगवटा बोटाला जाणवू लागतो. हा फुगवटा उजव्या-डाव्यापैकी एकाच बाजूला लागत असेल, तर दंतवैद्यांना दाखवून एक्स-रे काढावा, कारण टाळूकडे वळलेला सुळा हाडातच अडकून शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो आणि बहुधा दुखतही नाही. वेळीच कळले तर कित्येकदा दुधाचा सुळा काढल्यानेच त्याला वाट मिळते. उशीर झाल्यास छोटी शस्त्रक्रिया करून तो तारेने ओढून खाली आणावा लागतो.

चेहऱ्याच्या दोन बाजूंत थोडा फरक सर्वांच्याच असतो. हनुवटी मात्र एकीकडे सरकत चालली असेल, तर लहानपणी बैलगाडीवरून पडून तिला मार लागला होता का, हे आठवावे. कानापुढच्या जबड्याच्या सांध्याला तेव्हा इजा झाली असल्यास त्या बाजूची वाढ मागे पडू शकते.

माझ्या पुतणीचा न आलेला सुळा शाळेतल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत लक्षात आला. तिचे उपचार आता नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात सुरू आहेत.