घोडी गाडीत चढवायची तर लाईट कसला लावावा

आमच्या अहमदपूर भागात घोडी कुठं न्यायची-आणायची म्हणलं की बहुतेक रात्रीच होतं. उन्हाळ्यात दिवसा पत्र्याच्या बॉडीत जनावर घालणं म्हणजे त्याला भाजून काढणंच, वराती संपता संपता अकरा वाजतात, आणि नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावच्या यात्रेतून निघायचं तर मार्गशीर्षात सहा-साडेसहालाच अंधार पडतो, त्यात धूळ, गर्दी, उंट, गाढवं, तमाशाचे भोंगे. तेव्हा पिकअपला मागं चांगला लाईट पाहिजेच, यात वाद नाही. वाद कसला लावायचा यावर आहे.

पोरं सांगतात फाळक्याच्या, म्हणजे मागच्या झडपेच्या, वर मोठा एलईडी बार ठोका, शेत उजळून निघतंय. निघतंय खरं. पण एकदा घोडीच्या जागी उभं राहून बघा. समोर डोळ्यात सरळ मारणारा पांढराशुभ्र उजेड आणि त्याच्या मागं काळाकुट्ट चौकोन, त्यात तिनं पाय टाकायचा. कोण टाकल? घोड्याचा डोळा लई मोठा, जमिनीवरच्या जनावरांत सगळ्यात मोठ्या डोळ्यांत त्याची गणती होते, आत उजेड परतवणारा पडदा असतो म्हणून रात्री टॉर्च मारला की चमकतो, त्यामुळं अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, पण लख्ख उजेडातून एकदम अंधारात गेलं तर नजर बसायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय कपाळाच्या अगदी पुढचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही, म्हणून चढायच्या फळीपाशी आली की घोडी मान खाली घालून हुंगते, फुरफुरते. आपण त्याला नाटक म्हणतो आणि मागून चाबूक दाखवतो.

आमचे काका उभी हयात घोड्यात घालवलेला माणूस, त्यांना वॅट-बिट काही कळत नाही. शेजारच्या गाडीचा बार बघून ते एवढंच म्हणले, "तिला आत दिसंना गेलंय रं, बाहेर कशाला उजेड करायलास?" माझ्या मते सगळा हिशोब या एका वाक्यात आहे. बाहेरचा लाईट जेवढा वाढवाल तेवढा आतला पण वाढवा, नाहीतर महागातला लाईट लावून घोडी आणखी बुजरी करून ठेवाल.

दुसऱ्या गाडीचे हेडलाईट मागून मारून चढवायची पण एक पद्धत आहे. त्यात तिच्याच डोक्याची नि मानेची सावली फळीवर पडते, ती मान हलवते तशी सावली हलते, आणि घोडी पुढचा पाय उचलून तसाच हवेत धरून उभी राहते. सावली खड्ड्यासारखी दिसते तिला. म्हणून लाईट एक नको, दोन पाहिजेत, मागच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांना, तोंड खाली फळीकडं आणि आजूबाजूच्या जमिनीकडं. दोन्हीकडनं उजेड आला की एकाची सावली दुसरा खातो. आत पुढच्या टोकाला, चाऱ्याच्या जाळीच्या वर, दुधी कव्हरची साधी पट्टी. आधी आतली पट्टी चालू करायची, मग बाहेरचे.

आता घेताना काय बघायचं. खोक्यावर फ्लड लिहिलेला घ्या, स्पॉट नको, स्पॉट लांब मारतो आणि आपल्याला तर पायाखालचं बघायचंय. रंग ४००० केल्विनच्या आसपास बरा, हा आकडा वाढला की उजेड निळसर होतो. ६५००चा निळसर उजेड दुकानात लई भारी वाटतो पण डोळ्यात घुसतो, पावसाळ्यात पाखरंही त्याच्यावर जास्त येतात, आणि घोडीच्या कानात एक पाखरू गेलं की बसा मग. लाल लाईट लावला तर जनावर शांत राहतं म्हणणारे पण भेटतील. घोड्याला निळं-पिवळं कळतं, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळं लाल उजेडात फळीची कड त्याला नीट उमगत नाही.

वॅटचा आकडा तर अजिबात मानू नका. ते चौकोनी १६ एलईडीवाले लाईट ४८ वॅट म्हणून विकतात, एक एलईडी ३ वॅट धरून गुणाकार केलेला असतो बस. आमचा बॅटरीवाला म्हणतो, "दादा, खोक्यावर काय बी लिहितेत, मीटर लावून बघा की." १२ व्होल्टवर लाईट दीड अँपिअर ओढत असंल तर तो १८ वॅटचाच, ४८ कुठून आला? पण खरे १८ वॅटचे दोन फळीला भरपूर होतात, जुन्या ५५ वॅटच्या हॅलोजनला एकेक भारी पडतो आणि बॅटरी तिपटीनं कमी खातो. इंजिन बंद ठेवून तासभर चालले तरी तीनेक अँपिअर-अवर जातात, सकाळी स्टार्टर रडत नाही. इंजिन बंद ठेवता येणं हा मला उजेडापेक्षा मोठा फायदा वाटतो, कारण घरघर आणि धूर थांबला की निम्मी घोडी तिथंच गार होते.

वायरिंगला मात्र कंजूषी नको. बॅटरीपाशीच १० अँपिअरचा फ्यूज, मग रिले (जादा करंट स्विचवर न येऊ देणारा खटका), अडीच एमएमची वायर, पत्र्याला भोक पाडलं तिथं रबरी वायसर, आणि अर्थिंग रंग खरवडून चेसिसला. वायर हौद्याच्या, म्हणजे मागच्या बॉडीच्या, तळातून नेऊ नका, वरून न्या. घोड्याचं मूत तांब्याला खातं, जॉइंट हिरवा पडतो आणि ऐन वेळी लाईट मिणमिणतो. लाईट आयपी ६७ असला की पावसाला-धुळीला पुरतो, पण वॉशिंग सेंटरला प्रेशरनं हौदा धूत असाल तर आयपी ६९के बघा, थोडा महाग जातो.

स्विच मागं, फाळक्याच्या कडीजवळ, लगाम धरलेल्या हातानं नाही तर मोकळ्या हातानं पोचल असा. आणि केबिनमध्ये डॅशबोर्डवर एक बारका दिवा, मागचे लाईट चालू आहेत हे सांगणारा, कारण मागं पांढरा उजेड तसाच ठेवून हायवेला लागलात तर मागच्या गाडीवाल्याला काही दिसत नाही आणि ट्रॅफिकवाला अडवून पावती फाडतो ते वेगळंच.

ज्यांची स्वतःची गाडी नाही, यात्रेपुरता टेम्पो भाड्यानं करतात, त्यांनी हे सगळं करत बसू नका. चुंबकवाले चार्जिंगचे दोन लाईट मिळतात, पत्र्याला वर चिकटवायचे, खाली तोंड करायचं, काम झालं की खिशात. भडक वाटले तर वर पांढरं फडकं गुंडाळा, एलईडी असेल तरच बरं का, हॅलोजनवर फडकं पेटंल. फक्त निघायच्या आदल्या रात्री चार्ज करून ठेवा, लाईट कधी जाती ते बघून.