मचूळ पाणी कमी देऊ नका

रानात ओल आहे, तरी दुपारी झाड मान टाकतं. मचूळ बोअरवर हे नेहमीचं. मुळाबाहेरचं पाणी खारट झालं की ते आत ओढायला झाडाला जास्त जोर लागतो. ओलीत उभं राहून झाड तहानलेलं. पुढे सोडियम-क्लोराइड पानांत साठतं. जुन्या पानाचं टोक आधी करपतं, मग कडेची तपकिरी पट्टी आत सरकते. (पालाश, म्हणजे पोटॅश, कमी पडला तरी पान असंच दिसतं, तेव्हा नुसत्या पानावर जाऊ नका.)

पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) १.५ असेल तर लिटरमागे साधारण १ ग्रॅम क्षार. एकरात २५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे लाखभर लिटर, म्हणजेच दोन पोती क्षार. पाणी उडून जातं, पोती रानातच.

पाणी वाईट म्हणून हात आखडला की हे सगळं मुळाशीच बसतं. ते खाली ढकलायला जादा पाणीच लागतं. याच पाण्यावर उत्पादन न घटू देता टोमॅटो घ्यायचा तर गरजेपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त, कांद्याला मात्र दीडपट! आमच्या मते अशा पाण्यावर कांद्याच्या नादी लागू नये. आणि निचरा नसलेल्या काळ्या रानात आधी चर काढा. नाहीतर भूजल वर येतं आणि क्षारही त्याच्याबरोबर; कृष्णाकाठची उसाची कितीतरी रानं अशीच क्षारपड झाली.

ठिबकवर ओल्या गोलाच्या कडेला पांढरं कडं धरतं. वळवाची हलकी सर ते विरघळवून थेट मुळाशी आणते. म्हणून पाऊस पडत असतानाच ठिबक चालू ठेवायचं. शेजारी हसतील, हसू देत. पालाश द्यायचा तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश द्या.

माती परीक्षणात एक गफलत हमखास होते. ‘ईसी ४ पर्यंत चालतं’ हे संपृक्त अर्काचं, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचं माप. आपल्याकडचे अहवाल बहुधा १:२.५ प्रमाणाचे, म्हणजे एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन काढलेले असतात. त्यात १ च्या वर गेलं की उगवणीला धोका.

जिप्सम सरसकट टाकू नका. ते चोपणासाठी, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीसाठी. नुसत्या खारट रानात ते आणखी एक क्षार. बाटलीत मूठभर माती पावसाच्या पाण्यात हलवून रात्रभर ठेवा. सकाळीही पाणी गढूळच असेल तर चोपणाचा संशय घ्या आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) तपासून मगच जिप्समची मात्रा ठरवा.