तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री नाक काढून ठेवता का?

"काकू, एक विचारू? राग नाही ना येणार?"

ब्लाऊजचं माप घेताना समोरच्या बाईत आणि माझ्यात वीतभर अंतर असतं. टेप खांद्यावरून मुंढ्याशी आला की तिची नजर माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबते, हे मला न बघता कळतं. मग प्रश्न येतो, आणि गेली काही वर्षं तो बहुतेक एकच असतो. "ते रात्री काढून ठेवता का हो?"

ते म्हणजे माझं नाक. सिलिकॉनचं आहे. हो, रात्री काढून ठेवते. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि हातात खडू असताना पुढचं सांगायला जमत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधीचं थोडक्यात. २०१८ साली डाव्या नाकपुडीत आतल्या बाजूला एक खपली धरायला लागली. निघायची, परत धरायची. चमकी टोचत असेल असं समजून मी दोन-अडीच महिने साजूक तूप लावत बसले. तो कॅन्सर निघाला. नाक काढावं लागलं, मग रेडिएशन झालं. तुपाचे ते दोन महिने मला अजून बोचतात. बरी न होणारी खपली घरात कुणाच्या चेहऱ्यावर दिसली, तर तूप-हळद बाजूला ठेवा आणि आधी दाखवून या.

नवं नाक मिळेपर्यंतचे महिने मी स्कार्फमध्ये काढले. त्या बाबतीत पुण्यासारखं गाव नाही. डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळलेली बाई स्कूटीवरून गेली तर इथे कुणी मान वळवून बघत नाही. कसब्यातून रविवार पेठेत अस्तराचं कापड आणायला मी तशीच जायचे, कुणाला काही कळायचं नाही. पुढे २०२० मध्ये सगळ्या गावालाच तोंड झाकावं लागलं, तेव्हा मनाशी म्हटलं, या आता माझ्या रांगेत.

दुसरा प्रश्न काकालोक विचारतात. "पण खरं नाक का नाही करून घेतलं? आपल्या पुण्यातच तर शोध लागला ना!" त्यांना ती कावसजीची गोष्ट माहीत असते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या ताब्यात सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवून ते कपाळावर सपाट पसरलं आणि त्याच्या कडेने आखणी केली, असं त्या वेळच्या हकिकतीत लिहिलंय. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण मीही आधी कागदावर कटिंग काढते आणि मग कापडाला कात्री लावते. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ती हकीकत छापून आली आणि तिथून ही रीत विलायतेला गेली.

शोध आपल्या देशातला, हे खरंच, फक्त पुण्याच्या त्या कारागिराच्याही फार आधीचा. पण कावसजीच्या कातडीला रेडिएशन दिलेलं नव्हतं. रेडिएशननंतर तिथला रक्तपुरवठा कमी होतो, जोडलेली कातडी धरेलच असं नसतं. आणि माझ्या डॉक्टरांना ती जागा उघडी हवी होती. काही परत उगवलं तर टॉर्च मारून लगेच दिसलं पाहिजे. काढता येणारं नाक असलं की नुसतं उचलायचं आणि आत बघायचं. मला ते पटलं.

हे नाक करतात दातांचे डॉक्टर. कवळ्या बनवणाऱ्यांतलेच काही जण पुढे चेहऱ्याचं शिकतात. पहिल्या दिवशी माझे नाकाचे डॉक्टर म्हणाले, "चला, माप घेऊ," आणि मी मनात म्हटलं, आज माझी पाळी. दातांच्या मापाला लागतो तोच गार लगदा चेहऱ्यावर थापला. मी आ करून तोंडाने श्वास घेत पडून राहिले. त्यावरून प्लॅस्टरचा चेहरा, त्यावर मेणाचं नाक, मेणाची ट्रायल. ट्रायलला मी आरशात बघून म्हटलं, "डावीकडे जरा फुगतंय." ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे." तीस वर्षं बायकांची फिटिंग बघतेय, डोळ्याला कळतंच.

खरी मजा रंगाची. सिलिकॉन पातळ असतानाच रंग मिसळतात, पिवळट, तांबूस, तपकिरी, थरावर थर. कातडीखालच्या बारीक लाल शिरा दिसाव्यात म्हणून त्यात रेयॉनच्या लाल धाग्याचा चुरा टाकतात. माझ्या नाकात धागा आहे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. आणि शेड बघायला डॉक्टर मला खिडकीशी घेऊन गेले. मी लक्ष्मी रोडवर मॅचिंगला गेले की हेच करते. ट्यूबलाइटखाली जुळलेला पीस दुकानाच्या पायरीवर आला की वेगळाच निघतो.

आता रोजचं. इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो. लोकांना वाटतं, नाकाची काळजी घ्यायची. ते तर बिचारं सिलिकॉन. साबण लावला, धुतलं, झालं. काळजी मागच्या जागेची घ्यायची असते. अस्तर आणि शिवण नीट नसेल तर वर पैठणीचा काठ लावून काय उपयोग?

सकाळी पहिलं काम ते. खरं नाक आत जाणारी हवा ऊबदार आणि ओलसर करतं. ते काम आता कुणी करत नाही, त्यामुळे आत कोरडं पडतं आणि खपल्या धरतात. रात्री उकळून ठेवलेल्या पाण्यात मीठ घालून ते कोमट करते, गॉज त्यात भिजवून जागेवर धरते. खपली मऊ होऊन आपणहून सुटली पाहिजे, ओढायची नाही. ओढली की रक्त. पहिल्या महिन्यात मी रोज ओढायची आणि रोज पस्तावायची. मग कडेची कातडी कोरडी टिपायची. कुठे लाल झालंय का, चिरलंय का, ते भिंगाच्या आरशात बघायचं. लाल असेल तर त्या दिवशी गोंद नाही. पट्टी आणि स्कार्फ.

गोंद दुधासारखा पांढरा असतो. नाकाच्या आतल्या कडेला ब्रशने पातळ थर द्यायचा आणि तो काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. घाईत पांढरा असतानाच दाबलं तर ते अकरा वाजेपर्यंत सरकलेलं असतं. गोंद पारदर्शक होईपर्यंत माझा चहा गाळून होतो. मग मधून बाहेर असं दाबत न्यायचं आणि वर चष्मा. चष्म्याची जाड फ्रेम मुद्दाम घेतलीय, वरची कड तिच्याखाली दडते. चेहऱ्याला तेल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम काही नाही, कारण तेलकट कातडीवर गोंद धरत नाही.

रात्री जाड बाजूने धरून अलगद सोडवायचं. कडा कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ असतात, तिथून ओढलं की फाटतात. वाळलेला गोंद बोटाने चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघतात. मग सौम्य साबण, मऊ टूथब्रश, कोमट पाणी, आणि पुसून मलमलीची घडी घातलेल्या साबणाच्या डबीत. रात्री काढण्याचं कारण एवढंच की दिवसभर झाकलेल्या कातडीला हवा लागावी. नाहीतर घामाने, ओलीने तिथे बुरशी धरते. त्या डबीला घरात नाकाची डबी म्हणतात. भाची एकदा त्यात बटणं शोधत होती. असो.

पडतं का? पडलंय. शिंक आली की एक हात आपोआप नाकावर जातो. मेमध्ये घामाने बाजूने सुटतं, म्हणून पर्समध्ये गोंदाची छोटी बाटली असते. सगळ्यात वाईट फजिती मिसळीने केली. नाक नसलं तरी तिखटाने आत पाणी सुटतंच, हे मी विसरले होते. तर्री जरा जास्त झाली, आतून ओल आली आणि खालची कड ओठावर लोंबायला लागली. समोर नवऱ्याचे मावसभाऊ. मी रुमाल लावून उठले. ते भले गृहस्थ आपल्या ताटातली शेव मोजत बसले. आता मिसळ घरीच खाते, नाक काढून. बाहेर हवं कशाला?

आणि हळद! पुतणीच्या हळदीला कुणीतरी दोन्ही गालांवर आणि नाकावर बोटं ओढली. गाल धुतले गेले, नाक पिवळं ते पिवळंच राहिलं. स्वयंपाकघरातला सिलिकॉनचा चमचा पिवळा पडतो ना, अगदी तसं. आता हळदीचा डाग उन्हात उडतो हे कुठल्याही शिंपिणीला ठाऊक असतं. पण नाक उन्हात ठेवायचं नाही अशी सक्त ताकीद होती, उन्हाने त्याचा स्वतःचा रंगही जातो. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गच्चीत पापडांशेजारी ठेवून राखण करत बसले. हळद पुष्कळशी गेली. थोडं नाकही फिकं झालं. डॉक्टरांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

तसंही एक नाक फार वर्षं जात नाही. दोनेक वर्षांत कडा पिवळ्या पडतात, रंग उतरतो. उन्हाळ्यात माझा चेहरा रापतो, नाक मात्र गोरंच राहतं. जुनं फेकायचं नाही. हळदीसारख्या प्रसंगाला कामाला येतं.

आता नवं करायला टाकलंय. या वेळी डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "चमकी हवी का?" आईने दिलेली माझी चमकी ऑपरेशनच्या दिवशी काढली, ती कपाटातच आहे. नथ नको म्हटलं. चापाची नथसुद्धा कड ओढते, नाकापेक्षा मोती जड ही म्हण मला शब्दशः लागू आहे. पण चमकी चालेल. नुसतं भोक पाडलं तर तिथून चीर जाईल, म्हणून मी सुचवलं, हूक लावताना आम्ही मागे दुहेरी पट्टी देतो, तसं आतून काही देता येईल का? ते म्हणाले, नायलॉनची बारीक जाळी सिलिकॉनमध्ये घालता येते. ब्लाऊजच्या बाह्यांना लावते त्यातली वीतभर नेट मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि त्यांच्याकडचीच वापरली.

परवा ट्रायल झाली. आईने जन्मात कधी चमकी काढली नाही, झोपतानाही नाही. माझी रोज रात्री नाकासकट डबीत जाणार.