आठचा फॅक्टोरियल

आमच्या वेळी सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला टर्बो सीची ती निळी स्क्रीन होती. प्रॅक्टिकलला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. ७ टाकला, ५०४० आलं. ८ टाकला, तर -२५२१६! नुसते गुणाकार करून उणे आकडा? सरांना हाक मारली. ते म्हणाले, "एक्सटर्नल, बाहेरचे परीक्षक, आले की ५ टाकायचा." जर्नलमध्ये ५ चाच आउटपुट उतरवला, सही मिळाली.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात थिअरीच्या तासाला टूज कॉम्प्लिमेंट, म्हणजे उणे आकडे ०-१ मध्ये साठवायची रीत, शिकवून झालं होतं. टर्बो सीत पूर्णांकाला १६ बिट, म्हणजे ०-१ च्या सोळा जागा. त्यांत ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. ४०३२० मावत नाही, त्यातून ६५५३६ वजा होतात आणि उरतं -२५२१६. सगळं माझ्या वहीत होतं हो! पण ती वही थिअरीची, लॅबमध्ये न्यायचं ते जर्नल. हा धागा जुळायला मला दोन वर्षं लागली.

आता मीच इथे बडोद्यात पहिल्या वर्षाला शिकवते. थिअरीचे तास किती, लॅबचे किती, यावर स्टाफरूममध्ये दर जूनला भांडणं. मला ती हिशेबाची वाटतात, शिकवण्याची नाही. चुकलेलं उत्तर स्क्रीनवर असतानाच खडू हातात घेतला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथे रंगाई शिकवायची, तर रसायनशास्त्र दुसऱ्या वारी ठेवून कसं चाललं असतं?

आता शिकवतो त्या पायथन भाषेत ८ चा फॅक्टोरियल बिनबोभाट ४०३२० येतो, त्यामुळे माझा तो अपघात आजच्या मुलांच्या वाट्याला येत नाही. पण दशांश आहेत ना!

भावाचं फरसाणाचं दुकान आहे. भाच्याने त्याच्यासाठी बिलाचा प्रोग्रॅम केला. वजन बरोबर एक किलो भरलं की सूट. भाकरवडीच्या शंभर ग्रॅमच्या दहा पुड्या ०.१ किलो म्हणून एकेक करून टाकल्या, सूट काही बसेना.

"आत्या, कंडिशन तर बरोबर आहे गं."

"वजन छापून बघ."

०.९९९९९९९९९९९९९९९९.

तो माझ्याकडे बघत राहिला. कोरं बिल उलटं केलं आणि कॉम्प्युटर ०.१ नुसत्या ० आणि १ मध्ये कसा लिहितो ते काढायला ०.१ ची दुप्पट करत जायला सांगितलं. एक ओलांडला की १ लिहायचा आणि एक काढून टाकायचा, नाही तर ०. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, मग पुन्हा ०.४. कागदावर ०.०००११००११००११ झालं तेव्हा त्याचं पेन थांबलं.

"हे संपतच नाही."

"एक भागिले तीन दशांशात संपतं का?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, त्याला शेव बांधून दिली. परत येऊन बघते तर पठ्ठ्याने सगळीकडची ०.१ खोडून १०० केली होती, सूट देण्याच्या अटीत १०००. ग्रॅममध्ये! मी सांगितलं नव्हतं. दहा पुड्या, सूट बसली.

मग म्हणाला, "रुपयांचंपण पैशात करावं लागेल ना?"