सुवर्णकमळ आणि चपला

ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणानंतर आडवी होऊन वर्तमानपत्र चाळत होते. ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट : श्यामची आई’ ही ओळ वाचली आणि क्षणभर वाटले की सत्तर वर्षांपूर्वीचे कात्रणच कुणी चुकून छापले आहे. हे पुरस्कार 1954 साली सुरू झाले, तेव्हा पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले होते. हा मात्र सुजय डहाके यांचा, 2023 सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘ट्वेल्थ फेल’ला गेले होते. मी सवयीने मान हलवली, कारण परीक्षक मंडळाचे आणि माझे तसे कधी फारसे जमलेले नाही.

2013 च्या चित्रपटांतून त्यांनी ‘शिप ऑफ थिसियस’ निवडला. माझ्या यादीत त्या वर्षीचे कमळ ‘फँड्री’चे आहे आणि ते मी कुणालाही परत घेऊ देणार नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो आणि पडदा काळा होतो, त्यानंतर मला त्या वर्षीचा दुसरा चित्रपट आठवेनासाच झाला. 2011 चे कमळ ‘देऊळ’ला मिळाले हे योग्यच, पण ते ‘ब्यारी’बरोबर वाटून दिले, हे मला आजही खटकते. परीक्षकांनी बंद खोलीत हवे तेवढे भांडावे, पण बाहेर येताना एकच नाव घेऊन यावे. त्यासाठीच तर त्यांना बसवलेले असते.

माझी स्वतःची कसोटी मात्र मंडळापुढे सांगण्याजोगी नाही. ती बाबांच्या चपलांची आहे. चित्रपटगृहात अंधार झाला की बाबा चपला काढून पाय मोकळे करीत आणि शेवट जवळ आला, असे त्यांना वाटले की पायानेच चाचपडत त्या शोधून घालीत. दिवे लागेपर्यंत त्यांचे मत तयार असे आणि दारापर्यंत पोहोचता पोहोचता ते आजूबाजूच्या चार अनोळखी माणसांनाही कळलेले असे. ‘श्यामची आई’नंतर मराठीला पुन्हा तो मान मिळवून देणारा ‘श्वास’ आम्ही 2004 मध्ये, पुरस्कार जाहीर झाल्यावर पाहिला. नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार हे कळल्यावर आजोबा त्याला जग डोळे भरून दाखवायला नेतात. त्या दिवशी दिवे लागले तरी बाबा खाली वाकून चपला शोधत राहिले. दोन्ही चपला त्यांच्या पायांशीच होत्या, हे मला दिसत होते. मी काही बोलले नाही; रांगेतली माणसे आमच्या गुडघ्यांना घासत निघून गेली.

तेव्हापासून मी प्रत्येक मानकरी चित्रपट चपलांवर तोलू लागले आणि अकरा वर्षे ही कसोटी बरी चालली. मग ‘कोर्ट’ आला. त्यात सुट्टी लागण्यापूर्वी न्यायालयाच्या त्या खोलीतले दिवे एकेक करून मालवले जातात आणि सगळा अंधार होतो. चित्रपट संपला असे समजून बाबांनी चपला घातल्या, ते अर्धे उठलेही, आणि पडद्यावर न्यायाधीशांची सहल सुरू झाली. बाबा चडफडत पुन्हा बसले आणि उरलेला चित्रपट त्यांनी चपला घालूनच पाहिला. बाकावर डुलक्या घेणाऱ्या न्यायाधीशांना मुले ओरडून दचकवतात, ते एका मुलाच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपले. “हा काय शेवट झाला?” असे बाबा दोन दिवस विचारीत होते. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना ते मध्येच थांबले आणि म्हणाले, “तो माणूस नंतर झोपला गं.” 2014 च्या सुवर्णकमळाबद्दल मंडळाशी माझे भांडण नाही, ते तेवढ्यासाठी.

‘कासव’ला 2016 चे कमळ मिळाले. मला चित्रपट आवडला, पण तो आम्ही घरी पाहिला आणि चपला दाराबाहेर होत्या. त्यामुळे त्याचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.